खंडेनवमीच्या रांगेतला जॅक

हे मी डाव्या हातानं लिहितोय. अक्षर बघून माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही परत पहिलीत गेलात." तिला हसू आलं, मलाही आलं. पण लिहितोय.

लिहायला लावलं फिजिओच्या मॅडमनी. त्यांच्या हॉलमध्ये अधूनमधून एखादा नवा माणूस झोळीत हात अडकवून येतो. त्याच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो: हात माझाच आहे ना, मग माझं ऐकत का नाही? मॅडम म्हणाल्या, "मी सांगितलं तर त्यांना पुस्तकातलं वाटतं. तुम्ही लिहा, तुमचं पटेल." मी म्हटलं, लिहितो, पण मग सगळंच लिहीन. हात एका क्षणात गेला. त्याच्याबरोबर आणखी काय गेलं ते कळायला काही महिने लागले, आणि तो मार हाताच्या मारापेक्षा मोठा होता. तेवढं गाळून लिहायचं असेल तर मॅडमनी दुसरा कोणी बघावा.

आम्ही दोघं

मी दत्ता, मेकॅनिक. सात रस्ता चौकाच्या पुढं एका बोळात आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे माझं आणि भरतचं. भरत माझ्या बायकोचा, सुरेखाचा, धाकटा भाऊ. मंद्रूपचा. आमच्या लग्नात कानपिळीला माझा कान त्यानंच पिळला होता, आणि चांगला लाल होईपर्यंत पिळला होता. नंतर माझ्याच मागं लागला, दाजी मला काम शिकवा. पाना कसा धरायचा तिथपासून शिकवलं. पुढं दोघांनी मिळून गॅरेज काढलं. मी नसताना त्याचा शब्द म्हणजे माझा शब्द, हे गिऱ्हाइकांनाही माहीत होतं.

आता जॅकचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोठ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे गाडी लिफ्टवर डोक्याच्या वर उचलतात आणि खालून एक उंच जॅक लावतात. खांबासारखा उभा. पायानं पेडल मारलं की आतला दांडा वर जातो आणि दांड्याच्या टोकाला ताटासारखी बैठक असते. गिअरबॉक्स त्या ताटावर बसवायचा, पट्ट्यानं ताटाला आवळून बांधायचा आणि मगच बोल्ट सोडायचे. पट्टा बांधल्याशिवाय शेवटच्या बोल्टला हात लावायचा नाही. हे मी शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो. दुसऱ्या दिवशी विचारतो, आणि जो विसरला त्याला दिवसभर फक्त झाडायला लावतो.

गणपतीच्या सुमारास त्या ताटाच्या खाली, दांड्याला जिथं ते जोडलेलं असतं तिथं, मला चीर दिसली. मी भरतला म्हटलं, "हा जॅक बाजूला ठेव. नवं ताट आल्याशिवाय वापरायचा न्हाय."

"आणतो की दाजी," तो म्हणाला. जॅक कोपऱ्यात गेला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही सगळी हत्यारं धुतो, पुसतो, रंग देतो आणि रांगेत मांडून पूजा करतो. माझ्या उस्तादांचा एक नियम होता, तो आमच्या बोळातली सगळी गॅरेजं अजून पाळतात. भंगलेलं हत्यार रांगेत ठेवायचं नाही. तोंड झिजलेला पाना, दांडा चिरलेला हातोडा, सगळं मागच्या दाराबाहेर. देवासमोर मोडकं मांडायचं नाही, एवढंच त्यामागं असेल. पण त्यामुळं आम्हाला एक सवय लागली. रांगेत जे दिसलं ते धडधाकट, असं आम्ही सगळे धरून चालतो. वर्षभर कोणी पुन्हा तपासत बसत नाही.

मी घरची पूजा उरकून पोचलो तेव्हा भरतनं रांग मांडली होती. मधोमध जॅक उभा. नवा चंदेरी रंग, ताटावर हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूची माळ. मनात म्हटलं, चला, ताट आणलं पठ्ठ्यानं. विचारलं नाही. रांगेत बघितल्यावर विचारायचं काय?

पडलं

दिवाळीच्या आधीचा सोमवार होता. सोमवारी आमचं गॅरेज बंद असतं, पण एका गिऱ्हाइकाला सणाला गावी जायचं होतं, म्हणून आम्ही दोघंच आलो. गाडी वर घेतली. जॅक लावला. मी वर हात करून बोल्ट सोडत होतो, भरत पेडलजवळ होता. शेवटच्या बोल्टवर पाना लावला एवढंच मला आठवतं. त्याच्या आधीची काही मिनिटं आणि नंतरची बरीचशी डोक्यातून पुसून गेली आहेत. डॉक्टर म्हणाले, मार लागल्यावर असं होतं.

गिअरबॉक्स माझ्या उजव्या खांद्यावर, मान आणि खांदा यांच्या मधल्या खोलगट जागेवर पडला. डोक्यावर पडला असता तर हे लिहायला मी नसतो.

शुद्धीवर आलो तेव्हा दवाखान्यात होतो आणि भरत डॉक्टरांना सांगत होता, "पट्टा न बांधताच बोल्ट सोडला ओ त्यांनी. मी म्हणेपर्यंत खाली आलं सगळं. पडल्यावर ताट बी मोडलं."

मी पडल्या पडल्या ऐकलं. पहिला विचार दुखण्याचा आला नाही. लाज वाटली. मी? मी पट्टा विसरलो?

निदानाचा दिवस

पहिले काही दिवस सगळे खूश होते. डोक्याचा फोटो चांगला आला, हाडांत फक्त गळपट्टीचं हाड मोडलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण "थोडक्यात निभावलं" म्हणत होता. उजवा हात उचलला जात नाही हे मी सांगत होतो, तर सगळे म्हणत होते सूज आहे, उतरेल. बोटं जराशी हलत होती. कोपर वाकत नव्हतं, खांदा वर होत नव्हता. बोटांत पेला ठेवला तर कसाबसा धरता यायचा, पण तो तोंडापर्यंत नेता यायचा नाही. तहान लागलेली, पाणी स्वतःच्या हातात आणि तोंड कोरडं, असा प्रकार.

मग सुया टोचून नसांची तपासणी केली. दुपारी डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजावं, बातमी बरी नाही.

ते म्हणाले, "मानेतून हाताकडं नसांचा एक जुडगा जातो. तो ताणला गेलाय. काही नसा तुटल्या आहेत."

मी म्हटलं, "म्हणजे मोटर चांगली आहे, वायरिंग तुटलंय."

"अगदी बरोबर." त्यांना हायसं वाटलं, समजावायचं काम वाचलं.

"मग नवी वायर टाका की."

ते म्हणाले, "टाकता येते. पण करंट लगेच येत नाही. महिनोन् महिने लागतात. आणि येईलच असं मी सांगू शकत नाही."

सुरेखा पायाशी उभी होती. मी तिला म्हटलं, जा, चहा घेऊन ये. चहा मला नको होता. ती दाराबाहेर गेल्यावर मी तोंड भिंतीकडं केलं आणि रडलो. डोळे पुसायला उजवा हात उचलायला गेलो, तो वर आला नाही, मग आणखी रडलो.

जे नवे आहेत त्यांना एक सांगून ठेवतो. हात मेल्यासारखा दिसतो पण दुखायचा थांबत नाही. लोकांना वाटतं लुळा हात म्हणजे बधिर हात. माझ्या हातात आतून जाळ असायचा, मध्येच करंट बसल्यासारखी चमक जायची. तोंडावर काही दिसत नाही, त्यामुळं कोणाला खरं वाटत नाही. डॉक्टरांना सांगा, लाजू नका. त्यावर गोळ्या असतात आणि त्या उपयोगी पडतात.

मी माफी मागितली

भरत रोज डबा घेऊन यायचा. मला बसता करायचा, उशी लावायचा, पायाची बोटं ओढून द्यायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाई सुरेखाला म्हणाल्या, "असा भाऊ नशिबानं मिळतो."

एके दिवशी तो माझी दाढी करत होता. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता, वाळलेला, डोळ्यांखाली काळं. मला वाटलं, माझ्या चुकीनं ह्या पोराच्या मागं किती लागलं. गॅरेज एकट्यानं सांभाळतोय, शिवाय माझं करतोय. मी म्हटलं, "भरत, माफ कर रे. पट्टा कसा विसरलो मला कळत न्हाय. तुला शिकवणारा मी, आणि मीच."

वस्तरा थांबला. मग तो म्हणाला, "जाऊ द्या ओ दाजी. माझ्या मनात काय बी न्हाय."

मी त्याला म्हटलं, तू माणूस मोठा आहेस.

हे वाक्य मी तेव्हा बोललो. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

कडक भाकरी

दवाखान्यातल्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. सकाळी चादर बदलायला येणार, मग सुई, मग राऊंड, मग वाट बघणं. माझ्या समोर वैरागचे एक तात्या होते. मोटारसायकलवरून पडून त्यांचाही हात गेला होता, डावा. ते मला म्हणायचे, "तुझा उजवा गेला, माझा डावा. दोघं मिळून एक धड माणूस हाय आपण." जेवताना ते माझं केळं सोलून द्यायचे, मी त्यांच्या बाटलीचं झाकण धरायचो आणि ते फिरवायचे. त्यांचं हसणं हा त्या वॉर्डातला एकमेव फुकटचा इलाज होता.

डाव्या हातानं जेवणं हा वेगळाच जाच. मऊ भाकरी एका हातानं तुटत नाही. सुरेखा घास मोडून द्यायची आणि मी तिच्यावर खेकसायचो. मग तात्यांच्या घरून कडक भाकरी आली, आपली नेहमीची, महिनाभर टिकणारी. दाबली की एका हातानं मोडते! शेंगाचटणी आणि दही घालून मी माझ्या हातानं जेवलो. एवढ्याशा गोष्टीनं मला केवढा आनंद झाला, ते ज्याचे दोन्ही हात चालतात त्याला नाही कळणार.

पुढं पुण्याला ऑपरेशन झालं. चालू असलेल्या नसेतला एक धागा काढून दंडाच्या स्नायूला जोडला. त्यातलं मला एवढंच समजलं की आता कोपर वाकवायचं असेल तर मूठ आवळायची. मेंदूला नवा रस्ता शिकवायचा. घरी आलो आणि दिवसभर मूठ आवळत बसलो. कोपर जागचं हलत नव्हतं.

चाँदभाई आला

चाँदभाई आमच्या बोळातला वेल्डर. माझ्यापेक्षा वयानं मोठा, दाढी पांढरी झालेली, पण आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो. तो खजूर घेऊन भेटायला आला. सुरेखा मुलीला शाळेतून आणायला गेली होती.

खजूर टेबलावर ठेवून त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. मग म्हणाला, "दत्ता, एक पुछू का? ते ताट कुठून आणलं होतं? इतक्या लवकर कसं मोडलं?"

"कुठलं?"

"जॅकचं. दसऱ्याच्या आधी भरतनं माझ्याकडं आणलं होतं की. मी टाका मारून दिला. पण त्याला साफ बोललो, बाबा, हे कच्चं हाय, ह्याच्यावर वजन घेऊ नको, नवं आण. तो व्हय म्हणाला. मग खंडेनवमीला पेढा खायला आलो तर जॅक रांगेत. मी म्हटलं, रांगेत हाय म्हणजे नवं बसवलं असणार."

चाँदभाईनंही तीच चूक केली होती जी मी केली. पूजा त्याची नाही, नियम त्याचा नाही, तरी इतकी वर्षं आमच्यात राहून तोही रांगेवर विश्वास ठेवून मोकळा झाला.

माझा चेहरा बघून त्याच्या लक्षात आलं. "या अल्ला," तो म्हणाला. "तुला सांगितलंच न्हाय का त्यानं?"

भरतनं तोच टाका मारलेला जॅक रंग देऊन, माळ घालून देवासमोर उभा केला होता. मला फसवलं ते फसवलं, त्या हळदीकुंकवालाही त्यानं खोट्यात ओढलं. हातातला जाळ मानेपर्यंत आला.

घरातली गोष्ट

सुरेखा आल्यावर मी तिला सांगितलं, तुझ्या भावानं मोडका जॅक रंगवून मला वापरायला लावला. मला वाटलं ती किंचाळेल, नाहीतर "काहीतरीच काय" म्हणेल. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि मुलीला खेळायला बाहेर पाठवलं.

तिथंच मला समजलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"व्हय."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. दवाखान्याच्या जिन्यात रडत सांगितलं त्यानं." मग तिनं उरलेलंही सांगून टाकलं. "पट्टा तुम्ही बांधला होता. ताटासकट पडलं ते सगळं. माणसं यायच्या आधी त्यानं पट्टा सोडला. घाबरला होता ओ तो. म्हणाला, ताई, मला जेलात टाकतील. मी म्हटलं आधी तुम्हाला बरं वाटू दे, मग सांगू. मग तुम्ही त्याची माफी मागितली, आणि मग कसं सांगायचं तेच मला कळेना."

गिअरबॉक्स पडला ते मला आठवत नाही. हे मात्र शब्दनशब्द आठवतं. माझा हात धरून मला जेवू घालणारी बाई आणि माझी दाढी करणारा पोरगा, दोघं मला रोज बघत होते, मी स्वतःला रोज शिव्या घालत होतो ते ऐकत होते, आणि कोणी तोंड उघडलं नाही. मी तिला घाण घाण बोललो. तिनं ऐकून घेतलं.

भरत आला, पाया पडला, रडला. कामं अडली होती, जॅकशिवाय चालत नव्हतं, रांगेत मोकळी जागा दिसली असती तर तुम्ही ओरडला असता, अशी काय काय कारणं सांगितली. मी म्हटलं, "मला तुझं रडणं नको. गॅरेजात सगळ्यांसमोर एकदा सांग, दाजींनी पट्टा बांधला होता. बाकी काय सांगू नको."

"सांगतो दाजी. आईच्यान सांगतो."

मला हे का हवं होतं ते कळलं पाहिजे. गॅरेजातली माणसं आता नव्यांना माझं उदाहरण देत होती. बघा, उस्ताद असून विसरला. हात परत आला तरी पूर्वीसारखा वर धरून काम करणारा हात येणार नव्हता, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. यापुढं मला पोट भरायचं तर आवाज ऐकून दोष सांगायचा आणि दुसऱ्यांना काम शिकवायचं. म्हणजे माझ्याकडं उरला होता फक्त शब्द. तोच त्यानं खोटा पाडला होता.

आठवडे गेले. तो बोलला नाही. मंद्रूपहून सासूबाई आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जावई, घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या. लेकराचं नाव खराब हुईल." माझ्या नावाचं काय होतंय, हे त्यांनी विचारलं नाही.

सोडा म्हटलं तरी सुटेना

त्या काळात फिजिओचं माझं काहीच पुढं सरकत नव्हतं. मॅडम माझा हात खालून धरायच्या आणि म्हणायच्या, "सैल सोडा. पूर्ण वजन माझ्या हातावर द्या." मला जमायचं नाही. खांदा आपोआप आवळला जायचा. त्या म्हणायच्या, "मी धरलंय ना!" मी मनात म्हणायचो, सगळेच म्हणतात.

एकदा त्या चिडल्या. "काका, माझ्यावर राग आहे का?" मी म्हटलं, नाही हो. आणि काय झालं कोण जाणे, त्या हॉलमध्ये, रबरी चेंडू आणि खांबांच्या मध्ये बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ज्याच्याशी माझं काही नातं नाही अशा माणसाला. त्यांनी सल्ला दिला नाही. "अवघड आहे हो," एवढंच म्हणाल्या आणि हात धरून बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा हात सैल पडला. तुमच्या मनात असं काही अडकलं असेल तर कोणाला तरी सांगा. मनातला राग खांद्यात जाऊन बसतो, हे मी अनुभवानं सांगतो.

नंतर काही दिवसांनी मूठ आवळताना दंडात काहीतरी वळवळलं. मॅडमनी तिथं बोट ठेवलं आणि त्या आनंदानं ओरडल्या. आठवड्याआठवड्यानं ती वळवळ वाढली. एका सकाळी टेबलावर ठेवलेला हात कोपरात वाकला, थोडासा, आणि परत पडला. मी पुन्हा मूठ आवळली. पुन्हा वाकला.

डाव्या हातानं फोन काढला आणि अंगठा आपसूक भरतच्या नावावर गेला. इतकी वर्षं कुठलीही चांगली बातमी आधी त्यालाच सांगायची सवय. मी फोन खिशात ठेवला. एवढा आनंदाचा दिवस, तोही त्यानं मला धड साजरा करू दिला नाही.

गॅरेज

मी सुरेखाला म्हटलं, मला गॅरेजला घेऊन चल. ती काही न विचारता तयार झाली. तोवर आमच्यात मीठ-साखर-औषध याच्यापलीकडं बोलणं नव्हतं.

बोळात शिरताच ऑइलचा वास आला. सगळे हातातलं काम टाकून आले. नागेश, आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक, त्यानं खुर्ची पुसून दिली. भरत म्हणाला, "दाजी आले, चहा सांगा रे." मी कोपर वाकवून दाखवलं, तर टाळ्या पडल्या.

नागेश हसत म्हणाला, "आता मातुर पट्टा बांधत जावा बरं का, दादा."

सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. मी भरतकडं बघितलं. तो चहाच्या ग्लासात बघत होता. मी वाट बघितली. मग मीच म्हणालो, "पट्टा मी बांधला होता. भरत, सांग."

हसणं थांबलं. चाँदभाईला मी मुद्दामच बोलावलं नव्हतं, त्याचं सगळं काम ह्याच बोळात आहे, त्याला मध्ये ओढायचं नव्हतं. मला हे भरतच्याच तोंडून हवं होतं.

भरतनं ग्लास खाली ठेवला. माझ्याकडं न बघता नागेशला म्हणाला, "डोक्याला मार होता ना त्यांच्या. नीट आठवत न्हाय दाजींना."

इतक्या मायेनं म्हणाला की परक्याला वाटावं, किती जपतो. नागेशनं मान हलवली, वेड्या माणसाला समजून घेतल्यासारखी. मी उठलो. म्हटलं, संपलं, जाऊ या.

सुरेखा उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "ह्यांना आठवत न्हाय. मला आठवतं की."

"ताई," भरत म्हणाला.

"पट्टा बांधला होता. ताट मोडकं होतं, टाका मारलेलं, वरनं रंग दिला होता. हे पडल्यावर पट्टा ह्या भरतनं सोडला. त्यानंच मला सांगितलं, पहिल्याच दिवशी." ती तिथंच थांबली नाही. "आणि मी आजपर्यंत गप बसले. आमी बहीणभावानं मिळून ह्यांना खोटं पाडलं."

भरत हत्यारांच्या पेटीवर बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. नागेश माझ्यासमोर आला, काहीतरी बोलायला गेला, मग त्यानं दारात काढलेल्या माझ्या चपला नुसत्याच सरळ करून ठेवल्या.

बाहेर ऊन होतं. सुरेखानं स्कूटी काढली. मी विचारलं, "आता मंद्रूपला काय सांगशील?"

"जाणारच न्हाय. माझं माहेर आज संपलं." ती रडत नव्हती. मग म्हणाली, "तुमचा राग गेला का?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

ती मान हलवून पुढं बसली. मी मागं बसलो आणि धरायचं म्हणून उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवायला गेलो. तो तिथवर पोचला नाही. तिनं मागं हात करून तो उचलला, स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि गाडी सुरू केली.